हसावे, पण कोणाला?



शाळेच्या वार्तापत्रात मुख्याध्यापकाने एखाद्या मालिकेवर लिहावे, हे काहींना रुचणार नाही. निकाल, शिस्त, स्नेहसंमेलन हे विषय सोडून सरांना हे काय सुचले, असे कोणी म्हणेल. परंतु मागच्या पालकसभेत अभ्यासाचा विषय वीस मिनिटांत आटोपला आणि एका मालिकेवर तासभर चर्चा झाली, हे सभेला हजर असलेल्यांना ठाऊक आहे. त्यानंतर आठवडाभरातच नववीच्या वर्गात एक प्रकार घडला. त्यामुळे या विषयावर गप्प राहणे आम्हाला योग्य वाटले नाही.

मालिकेचे नाव 'मामला लीगल है'. ती हिंदी आहे. नेटफ्लिक्सवर १ मार्च २०२४ रोजी तिचे पहिले आठ भाग आले आणि मुलांनी ती मोठ्या भावाच्या मोबाईलवर आजही पुन्हा पुन्हा लावलेली आम्ही पाहतो. दिल्लीतील पटपडगंज येथील जिल्हा न्यायालय, तिथले वकील आणि तिथे येणारे चित्रविचित्र खटले असा हा मामला आहे. रवी किशन यांनी व्ही. डी. त्यागी हा चलाख, महत्त्वाकांक्षी वकील रंगवला आहे. हार्वर्डहून शिकून आलेली अनन्या श्रॉफ गरिबांची सेवा करायला या न्यायालयात येते आणि पहिल्या दिवसापासून चक्रावते. सुजाता नेगी ही वकीलबाई बसायला एक खोली मिळावी म्हणून धडपडत असते. ही भूमिका करणाऱ्या निधी बिष्ट यांनी स्वतः कायद्याचे शिक्षण घेतलेले आहे. विद्यार्थ्यांच्या माहितीसाठी एक गोष्ट सांगतो. पटपडगंज हा दिल्लीचा खराखुरा भाग आहे, पण तिथे न्यायालय नाही. पूर्व दिल्लीचे न्यायालय कडकडडूमा येथे आहे. म्हणजे मालिकेतले न्यायालय कल्पनेतले आहे.

आता सभेत कोण काय म्हणाले ते पाहू. आम्ही नावे देत नाही.

दुकान चालवणारे एक पालक म्हणाले, "सर, दिवसभराच्या कामानंतर घटकाभर हसतो, त्यात काय बिघडले? खून-मारामारीच्या मालिकांपेक्षा हे बरे." काही माता-भगिनींनी याला दुजोरा दिला, पण एकीने लगेच पुस्ती जोडली की त्यातली काही बोलणी सासऱ्यांसमोर ऐकवत नाहीत आणि लहान मुले तर शेजारीच बसलेली असतात.

विश्वस्त मंडळातील एका ज्येष्ठांचे मत अगदी उलट होते. "न्यायालय हे देवळासारखे आहे. त्याची टवाळी दाखवली तर उद्याची पिढी न्यायाधीशाला काय मान देणार? शाळेने मुलांना स्पष्ट सांगावे की हे पाहू नका."

दहावीतली एक विद्यार्थिनी सभेत पाहुण्यांना पाणी द्यायला आली होती. तिला विचारले तेव्हा ती म्हणाली, "मला ती अनन्या आवडली. मी वकील होणार." तिच्या आईने कपाळाला हात लावला आणि सगळे हसले.

शेवटी मागच्या रांगेतले एक शेतकरी पालक उभे राहिले. ते एवढेच म्हणाले, "कोर्टात हसू येते व्हय कोणाला? आम्हाले तर तिथे तोंड उघडाया भेव वाटते." आणि ते खाली बसले. त्यांच्यानंतर कोणी बोलले नाही. आम्ही सभा आटोपती घेतली.

आता नववीच्या वर्गाकडे वळतो. शिक्षक रजेवर असल्याने एक तास मोकळा होता. मुलांनी टेबल ओढून न्यायालय थाटले. एकाने काळी ओढणी खांद्यावर घेतली, एकीने डस्टर आपटून 'ऑर्डर, ऑर्डर' सुरू केले. खडू चोरल्याचा आरोप ठेवून एका मुलाला खुर्चीमागे उभे केले. आम्ही व्हरांड्यातून चाललो होतो. आम्ही थांबलो, खिडकीतून पाहिले आणि हसलो. मुले हुशार आहेत, असे मनात म्हणालोही. तेवढ्यात 'वकील' झालेला मुलगा म्हणाला, "मिलॉर्ड, याच्या घरच्यांना कोर्टाची सवयच आहे. याचा बाप दर महिन्याला पेशीला जातो." सगळा वर्ग खो-खो हसला. त्या मुलाच्या घरचा शेताच्या बांधाचा दावा बरीच वर्षे चालू आहे, हे वर्गाला माहीत होते आणि आम्हालाही माहीत होते. तो मुलगा काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी तो शाळेत आला नाही, तिसऱ्या दिवशीही नाही.

आम्ही त्याच्या घरी गेलो. वडील अंगणात होते. त्यांनी आम्हाला खाट दिली, चहा सांगितला. आम्ही दिलगिरी व्यक्त करू लागलो तसे ते म्हणाले, "पोरं आहेत सर, हसणारच. फकत त्यांना एवढं सांगा, पेशीले जाणारा माणूस चोर नसतो."

हे वाक्य आमच्या मनातून जात नाही. सभेत तासभर चर्चा झाली, पण मूळ मुद्दा तिथे कोणी मांडला नव्हता. आम्हीही नाही. मालिका चांगली की वाईट, पाहावी की पाहू नये, हे प्रश्न दुय्यम आहेत. विनोदात हसे कोणाचे होत आहे, हा खरा प्रश्न आहे.

आपल्या मराठीला न्यायालयातला विनोद नवा नाही. आचार्य अत्रे यांचे 'तो मी नव्हेच' हे नाटक १९६२ साली रंगभूमीवर आले. निपाणीचा तंबाखूचा व्यापारी लखोबा लोखंडे आणि त्याची नाना सोंगे प्रभाकर पणशीकरांनी फिरत्या रंगमंचावर अशी काही उभी केली की आमच्या वडिलांच्या पिढीला तो माणूस खरा वाटत असे. लखोबा न्यायालयात स्वतःचा बचाव स्वतःच करतो आणि त्याच्या हजरजबाबीपणाला प्रेक्षक मनमुराद हसतो. परंतु त्याने फसवलेल्या बायका साक्ष द्यायला उभ्या राहतात तेव्हा हेच हसू ओसरते. अत्र्यांनी लफंग्याचे हसे केले, त्याने ज्यांना लुबाडले त्यांचे नाही.

पुढे त्याच दशकात विजय तेंडुलकरांचे 'शांतता! कोर्ट चालू आहे' आले. एक नाटकमंडळी गावात प्रयोगासाठी येते. वेळ घालवायला आणि एका नवख्या माणसाला कोर्टाची रीत समजावी म्हणून ते एक लुटुपुटूचा खटला उभा करतात. आरोपी कोण, तर त्यांच्यातलीच लीला बेणारे, पेशाने शिक्षिका. सुरुवातीला सगळे हसतात, तीही हसते. हळूहळू त्या खेळात तिचे खाजगी आयुष्य ओढले जाते आणि खेळ हा खेळ राहत नाही. नाटकाचा विषय मोठ्यांचा आहे, म्हणून लहान वर्गांना आम्ही ते सुचवत नाही. पण पालकांनी आणि शिक्षकांनी ते जरूर वाचावे. नववीच्या वर्गात खिडकीबाहेरून आम्ही जे पाहिले ते याहून फार वेगळे नव्हते. फरक एवढाच की नाटकात शिक्षिका आरोपी होती आणि इथे शिक्षक प्रेक्षक होता.

चित्रपटांतही दोन्ही वाटा दिसतात. २००५ सालच्या 'कायद्याचं बोला' मध्ये मकरंद अनासपुरे यांनी गावाकडचा वकील रंगवला. त्याची बोली ऐकून आधी हसू येते, पण प्रेक्षक मनाने त्याच्याच बाजूला असतो. आपल्या भागातील मराठीला शहरात गेल्यावर काय ऐकून घ्यावे लागते हे आपण जाणतो, म्हणून ते पात्र आपल्याला जवळचे वाटते. चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट' या चित्रपटाला २०१५ साली सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यात एका बाईंनी बिनबाह्यांचा पोशाख घातला म्हणून न्यायाधीश त्यांचे प्रकरण पुढे ढकलतात. आपण हसतो आणि लगेच वाटते, त्या बाईची एक तारीख वाया गेली की!

परदेशातही असेच घडले आहे. अमेरिकेत १९९७ ते २००२ या काळात 'ॲली मॅकबील' ही वकिलांच्या कचेरीवरची विक्षिप्त, हसरी मालिका गाजली. तिचे लेखक डेव्हिड ई. केली हे आधी वकील होते. एका तरुण वकीलबाईची स्वप्ने आणि चुका पाहून कोणी ती आपलीच वाटते म्हणाले, कोणी म्हणाले की शिकलेल्या स्त्रीचे हे हसे आहे. वाद इतका वाढला की १९९८ साली 'टाइम' साप्ताहिकाने स्त्रीमुक्तीची चळवळ संपली काय, असा प्रश्न मुखपृष्ठावर छापला आणि तिथे या पात्राचा चेहरा घातला. म्हणजे एक मालिका पाहून आपल्या सभेत दोन तट पडले याचे नवल नाही. हसे कोणाचे झाले, हाच त्यांचाही वाद होता.

या कसोटीवर 'मामला लीगल है' बद्दल आमचे मत असे आहे. मालिका जिथे वकिलांची चढाओढ, खोलीसाठीची रस्सीखेच आणि कागदांचा गोंधळ दाखवते, तिथे ती खरी आहे आणि तिथे हसायला आमची हरकत नाही. झगा घालणाऱ्याला, खुर्चीवर बसणाऱ्याला थोडे हसले तर त्याचे काही बिघडत नाही, उलट तो सावध राहतो. परंतु दारात आलेला पक्षकार जिथे नुसता गंमतीचा नमुना होतो, तिथे आम्हाला हसू येत नाही. विचित्र खटला वर्तमानपत्रात चार ओळींत छापून येतो तेव्हा तो गंमतीचा वाटतो. ज्याचा तो असतो त्याला एसटीचे भाडे, बुडालेली मजुरी आणि झोप गेलेल्या रात्री यांचा हिशेब लागतो. मालिकेत खटला एका भागात निकाली लागतो. खऱ्या माणसाची सकाळ मात्र आदिलाबादच्या गाडीची वाट पाहत इचोड्याच्या नाक्यावर सुरू होते आणि संध्याकाळ पुढची तारीख घेऊन परत येते.

आपल्या भागात याला आणखी एक पदर आहे, तो भाषेचा. निजामाच्या राज्यात कचेरीचा कारभार उर्दूत चाले. वकालतनामा, दावा, पेशी हे आपल्या तोंडातले शब्द त्या परंपरेतले आहेत. १९५६ साली राज्य पुनर्रचना झाली, आदिलाबाद आंध्र प्रदेशात गेले आणि २०१४ पासून ते तेलंगणात आहे. कित्येक मराठी घरांत आजोबांचे कागद उर्दूत, वडिलांचे तेलुगूत आणि मुलाला आलेली नोटीस इंग्रजीत, अशी स्थिती आहे. तिन्ही पिढ्या घरात बोलल्या मराठीत. ज्या माणसाला स्वतःच्याच शेताचा कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागतो, त्याला कोर्टात भीती वाटली तर नवल काय? आमचे स्वतःचे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमात झाले. आमच्या मराठीत हिंदीची छटा येते, ती वाचक सांभाळून घेतात. परक्या भाषेतला अर्ज हातात घेऊन खिडकीपुढे उभे राहणे म्हणजे काय, हे आम्हीही अनुभवले आहे.

म्हणून ज्येष्ठ विश्वस्तांचा आदर राखून आम्ही नम्रपणे सांगतो, मालिकेवर बंदी हा उपाय नाही. घरोघरी मोबाईल आहे, बंदी पाळली जाणार नाही. अज्ञानातून येणारी टवाळी ज्ञानाने जाते. तेव्हा विद्यार्थ्यांनी पुढील गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

पहिली गोष्ट, आपल्या देशातील न्यायाधीश लाकडी हातोडा आपटत नाहीत. तो सिनेमावाल्यांनी परदेशातून आणला. साक्षीदाराच्या हाती गीता किंवा कुराणही देत नाहीत. १९६९ च्या शपथ कायद्यानुसार ईश्वराला स्मरून शपथ घेता येते किंवा नुसती प्रतिज्ञा करता येते. 'माय लॉर्ड' म्हणण्याची सक्ती नाही, हे बार कौन्सिल ऑफ इंडियाने २००६ साली स्पष्ट केले आहे.

दुसरी गोष्ट दहावीच्या त्या मुलीसाठी आणि तिच्या आईसाठी. पैसे नाहीत म्हणून कोणी न्यायाला मुकू नये, असे घटनेच्या ३९-क या अनुच्छेदात म्हटले आहे. तो १९७६ साली घातला गेला. त्यासाठी १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा आहे आणि तो ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आहे. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, अपंग व्यक्ती, कोठडीतील व्यक्ती यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. इतरांना उत्पन्नाची मर्यादा आहे. जिल्हा न्यायालयात या प्राधिकरणाचे कार्यालय असते आणि १५१०० या क्रमांकावर दूरध्वनी करता येतो. हा क्रमांक सर्वांनी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा.

तिसरी गोष्ट लोकअदालतीची. दोन्ही पक्ष राजी असतील तर तिथे तडजोड होते. त्यासाठी फी लागत नाही. चालू दावा तिथे मिटला तर भरलेली कोर्ट फी परत मिळते. तिथला निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याइतकाच पक्का असतो आणि त्यावर अपील नसते. म्हणून सही करण्यापूर्वी कागद नीट समजून घ्यावा.

चौथी गोष्ट आपल्यासारख्या सीमेवरच्या लोकांच्या फार कामाची. फौजदारी खटल्यात साक्ष आरोपीला न समजणाऱ्या भाषेत होत असेल, तर ती त्याला समजेल अशा भाषेत भर न्यायालयात सांगितली गेली पाहिजे. ही तरतूद १९७३ च्या जुन्या संहितेत होती आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही आहे. 'साहेब, मला समजले नाही' असे म्हणणे हा अपमान नाही, तो हक्क आहे.

पालकांना आमची विनंती आहे की मालिका पाहायचीच असेल तर मुलाबरोबर बसून पाहावी आणि वय पाहून पाहावी. जिथे हसू येईल तिथे एकदा त्याला विचारावे, "आत्ता आपण कोणाला हसलो रे?" एवढा प्रश्न पुरेसा आहे.

शाळेतही आम्ही एक सुरुवात केली. नववीच्या वर्गाशी आम्ही स्वतः बोललो. कोणाला शिक्षा केली नाही, कारण खिडकीबाहेर उभे राहून आम्हीही हसलो होतो आणि ते आम्ही वर्गात कबूल केले. मग खेळ बंद न करता त्याचे नियम ठरवले. आरोपी माणूस नसेल. कोणाच्या घरचा विषय निघणार नाही. प्रत्येक खटल्यात एक दुभाषी असेल, जो तेलुगू साक्ष मराठीत आणि मराठी साक्ष तेलुगूत सांगेल. पहिला खटला शाळेच्या मागच्या नळावर झाला. तो रात्रभर वाहतो आणि टाकी रिकामी करतो, असा आरोप होता. शिपाईमामांची साक्ष झाली, उलटतपासणी झाली. सातवीतल्या न्यायाधीश बाईंनी निकाल दिला की नळ निर्दोष आहे, त्याचा वायसर सहा महिने कोणी बदलला नाही, आणि ही जबाबदारी मुख्याध्यापकांची आहे. सगळी शाळा हसली. आम्हालाही हसावे लागले. दुसऱ्या दिवशी आम्ही वायसर बदलून घेतला.

ज्या मुलाबद्दल वर लिहिले त्याला आम्ही दुभाषी हो असे सुचवले होते. त्याने नको म्हटले. आम्ही आग्रह केला नाही. खटला चालू असताना तो शेवटच्या बाकावर बसला होता. तो हसला की नाही ते आम्हाला दिसले नाही.

त्याच्या वडिलांची पुढची पेशी या महिन्यात आहे. त्या दिवशी मुलाला वडिलांबरोबर आदिलाबादला जायचे असेल तर शाळेकडून त्याला रजा आहे, असे आम्ही कळवले आहे. आणि त्यांचा निरोप आम्ही इथे आमच्या शब्दांत सर्व विद्यार्थ्यांना देतो. कोर्टाच्या पायरीवर कागदांची पिशवी धरून बसलेला माणूस दिसला तर त्याला हसू नका. तो आपले म्हणणे मांडायला आला आहे. चोरी करायला नाही.

आपला,
मुख्याध्यापक